प्रत्येक कंबरदुखी वाताची नसते

कंबर धरली की आपल्याकडे पहिले नाव निघते ते वाताचे. खामगाव असो वा मेहकर, साठी उलटलेल्यांच्या बाबतीत ते बहुधा चुकीचेही नसते. परंतु ज्यांना पूर्वी कर्करोग झाला होता, मग त्याला दहा वर्षे का लोटली असेनात, त्यांच्या हाडांच्या नव्या दुखण्याकडे आपण निराळ्या दृष्टीने पाहावे.

हाड हा निर्जीव खांब नव्हे. जुने झिजवणाऱ्या आणि नवे घडवणाऱ्या पेशींचे काम त्यात अखंड चालू असते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड वा थायरॉईडच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे हाडांत रुजल्या की हा तोल ढळतो. मणके, कटिभाग, बरगड्या आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक ही त्यांची नेहमीची ठिकाणे. काही गाठी तर हाडापर्यंत न पोहोचताही रक्तात असे द्रव्य सोडतात, की साऱ्या सांगाड्यातील कॅल्शियम रक्तात उतरू लागते. मग तहान वाढते, मलावरोध होतो, माणूस असंबद्ध बोलतो. आणि घरचे म्हणतात, म्हातारपण! स्तन व प्रोस्टेटच्या कर्करोगावरील काही संप्रेरक-उपचारांनीही हाडे विरळ होतात, हेही ध्यानात असू द्यावे.

विश्रांतीने न शमणारी, रात्री झोप मोडणारी, दिवसेंदिवस वाढणारी वेदना डॉक्टरांना सांगावी. अशा जागी रगडून मालीश नको, हाडवैद्याकडून ओढून घेणे तर मुळीच नको. पोखरलेले हाड किरकोळ जोरानेही मोडते. साध्या एक्स-रेत आरंभीचा दोष पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ‘फोटो नॉर्मल आला’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. पायांतील बळ गेले वा लघवी अडली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नये. मज्जारज्जू दाबला गेला असल्यास काही तासांच्या विलंबानेही चालण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. रुग्णाला आडवे झोपवूनच, एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री न्यावे.

वेदनेवर किरणोपचाराची एकच मात्राही अनेकदा आराम देते. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय वा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय येथे ती सोय आहे. हाडे सावरणारे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शनही उपयुक्त. मात्र ते घेण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासलेच पाहिजे. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यातील वाचकांना मूत्रपिंडाच्या विकारांविषयी मी वेगळे काय सांगावे! किडलेले दातही आधीच काढून घ्यावेत, कारण नंतर जबड्याची जखम भरणे अवघड होते.

आणि शस्त्रक्रियेची जुनी फाईल माळ्यावर टाकू नये. निघताना पिशवीत आधी तीच घालावी.