बोर्डाचे मशीन घेताय? आधी हेडची किंमत विचारा!

व्यापारी बंधूंनो, आमचा धंदा कापडाचा. पॉवरलूमच्या गावात उमर गेली. ताणा-बाणा आणि गज-मीटर यापलीकडचा हिशेब आम्हाला ठाऊक नव्हता. परंतु २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठीत, देवनागरी लिपीत पाटी लावणे बंधनकारक झाले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आमचा भाचा म्हणाला, "मामू, आता घरोघर बोर्डाचे काम निघेल. मशीन टाकू या."

आम्ही भांडवल घातले. बहिणीने बांगड्या मोडल्या. साडेदहा फुटी, चार हेडचे सॉल्व्हंट मशीन जुने घेतले. वेग पाहिला, किंमत पाहिली. हेड मात्र पाहिले नाही. ईदच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत काम चालले आणि मशीन तसेच बंद करून सगळे घरी गेले. पाचव्या दिवशी दुकान उघडले तर दोन हेड सुकून बसले होते. त्या दोन हेडच्या बदलीत मशीनच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. इतरांवर ही पाळी येऊ नये म्हणून हा लेख.

काम आधी, मशीन नंतर

मशीनचे मुख्य प्रकार समजून घ्यावेत. सॉल्व्हंट मशीन रुंद असते, वेगाने चालते आणि मोठ्या फ्लेक्ससाठी स्वस्त पडते. पण छपाई थोडी जाड दिसते आणि वास उग्र असतो. इको-सॉल्व्हंट मशीन साधारण पाच-सहा फुटी असते. त्याची छपाई बारीक असते. दुकानाची पाटी, काचेवरील विनाइल, गाडीवरील स्टिकर यासाठी ते उत्तम. यूव्ही मशीनची शाई दिव्याच्या प्रकाशात जागीच पक्की होते. त्यातील सपाट टेबलाच्या मशीनवर ॲक्रिलिक किंवा लाकडाच्या पाटीवर थेट छापता येते. मात्र भांडवल जास्त लागते. लॅटेक्स शाई पाण्यावर आधारित असते. एचपी कंपनीने ती २००८ साली बाजारात आणली.

कापडवाल्या बांधवांनी एक लक्षात ठेवावे. सब्लिमेशनची छपाई सुमारे २०० अंश उष्णतेवर कागदावरून कापडावर उतरते आणि ती पॉलिएस्टरच पकडते. सुती कापड पकडत नाही. फ्लेक्स म्हणजे तरी काय? पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर! त्या पीव्हीसी फ्लेक्सवर केरळ सरकारने २०१९ साली बंदी घातली. म्हणून सगळे भांडवल केवळ फ्लेक्सवर लावणे शहाणपणाचे नाही.

हिशेब चौरस फुटाचा

समजा, मशीनचा हप्ता, भाडे, पगार व लाईट मिळून महिन्याला ६०,००० रुपये लागतात. शाई-माल वजा जाता चौरस फुटामागे ५ रुपये उरतात. म्हणजे नुसता खर्च भागवायला महिन्याला १२,००० चौरस फूट, पंचवीस दिवस धरले तर रोज ४८० चौरस फूट काम हवे. तेवढे काम गावात आहे काय? नसेल तर मोठे मशीन आपल्याला खाते.

चिंधीचा हिशेबही मांडावा. बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद पाटी ३६ चौरस फूट होते. ती चार फुटी रोलवर छापली तर माल लागतो ४८ चौरस फूट. चौथा हिस्सा वाया! तीन फुटी रोल जवळ ठेवला तर हा तोटा टळतो. कापड बेतताना आपण पन्हा पाहतो, तसाच इथे रोलचा पन्हा पाहावा.

सौदा करताना

विक्रेता वेग सांगतो तो सर्वांत कमी पासचा. पास दुप्पट केले की वेग साधारण निम्मा होतो. म्हणून आपली फाइल आणि आपला माल घेऊन जावे, आणि आपल्याला चालेल त्या दर्जावर घड्याळ लावून छापून घ्यावे. पुढील प्रश्न न लाजता विचारावेत :

१) हेड कोणते आहे, नवे केवढ्याला आणि किती दिवसांत मिळते?
२) वॉरंटीत हेड धरले आहे काय? बहुधा धरलेले नसते, किंवा अटी असतात. लेखी घ्यावे.
३) मेकॅनिक कोठून येतो? तो दोन दिवसांनी येणार असेल तर ते दोन दिवस आपल्या खर्चात धरावेत.

जुने मशीन घ्यायचे असेल तर सकाळी, मालकाने हेड धुण्यापूर्वी पोहोचावे आणि समोर नोझल चेक काढून घ्यावा. आम्ही दुपारी गेलो होतो. सगळे धुऊन-पुसून तयार होते!

बिघाड झाला तर

आमचा अनुभव असा की मेकॅनिकला फोन करण्याआधी नोझल चेक काढला तर निम्मे उत्तर तेथेच मिळते. रेषा दर वेळी त्याच जागी तुटत असतील तर नोझल चोकले आहे. दर वेळी वेगळ्या जागी तुटत असतील तर नळीत हवा शिरली असावी. छापता छापता एखादा रंग फिका होत जात असेल तर शाई पुरेशी पोचत नाही. डॅम्पर व फिल्टर पाहावेत.

रेषा पूर्ण आहेत, तरी छपाईत आडवे पट्टे दिसतात? विणकर बांधवांना हे लगेच कळेल. लूमचा टेक-अप बिघडला की कापडात आडवा पट्टा येतो. इथेही तसेच आहे. माल पुढे सरकण्याचे माप चुकले आहे. ते मशीनच्या सेटिंगमधून जुळवावे. माल बदलला की माप पुन्हा तपासावे. हेड धूत बसल्याने फक्त शाई वाया जाते.

अक्षराची कड दुहेरी दिसत असेल तर जाता-येताची जुळणी किंवा हेडची उंची तपासावी. चित्र मध्येच सरकत असेल किंवा कॅरेज धडकत असेल तर एन्कोडरची पट्टी मळलेली असू शकते. ती मशीन बंद करून, कंपनीने सांगितलेल्या द्रवानेच हळू पुसावी; उग्र सॉल्व्हंटने पट्टीवरील बारीक रेषा पुसल्या जातात. मालाची कड उचलली गेली की हेड तिला घासते, म्हणून वाकडा रोल लावू नये. अर्थिंग पक्के नसेल तर शाईचे बारीक शिंतोडे उडतात आणि बोर्डही जळू शकतो. आपल्या गावात लाईटचा भरवसा नाही; स्टॅबिलायझर व यूपीएस मशीनच्या किमतीतच धरावेत.

रोज सकाळी चारही रंगांची छोटी पट्टी छापावी. सुट्टी असेल तर हेड कंपनीच्या सूचनेप्रमाणे ओले करून, झाकूनच दुकान बंद करावे. स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची शाई त्याच टाकीत मिसळू नये. खोलीत हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. त्या वासाने पोरांचे डोळे आणि छाती बिघडते. छापलेले विनाइल एक दिवस सुकू द्यावे, मगच त्यावर लॅमिनेशन करावे.

अक्षरांचा मान

शेवटी एक गोष्ट. एका मदरशाची पाटी छापली, त्यात उर्दू अक्षरे सुटी-सुटी झाली. देवनागरीतही काना-वेलांटी जागा सोडते. मशीनचा दोष नव्हता. फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नव्हता. छापायला देण्याआधी अक्षरांचे कर्व्हमध्ये रूपांतर करावे आणि मजकूर जाणत्या माणसाला दाखवावा. आमच्या मोहल्ल्यात एक बुजुर्ग पेंटर आहेत. चाळीस वर्षे ब्रशने पाट्या लिहिल्या. फ्लेक्स आल्यावर हात रिकामे झाले. भाच्याने त्यांना दुकानात बसवले आहे. एकही पाटी त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नाही. तेव्हापासून चुकीमुळे पाटी परत आलेली नाही.

ते जुने मशीन आम्ही नुकसान सोसून विकले. आता भाच्याकडे सहा फुटी इको-सॉल्व्हंट मशीन आहे, आणि मोठ्या फ्लेक्सचे काम तो शेजारच्या दुकानातून करून घेतो. बहिणीच्या बांगड्यांपैकी दोन परत झाल्या, दोन बाकी आहेत. बंधूंनो, मशीन घ्या, धंदा वाढवा. पण सौद्याला बसण्याआधी हेडची किंमत वहीत लिहून घ्या. आम्ही ती नंतर लिहिली.