उंदीर, पिसू आणि सुरतेचा प्लेग

उंदराचा रोग माणसाला होण्यासाठी उंदीर चावावाच लागतो असे नाही. बहुतेक वेळा तो उंदीर रोग्याच्या नजरेसही पडलेला नसतो. त्याची लघवी, लेंड्या, लाळ किंवा अंगावरच्या पिसवा रोग पुढे नेतात.

ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडले आणि पाठोपाठ माणसांच्या अंगावर गाठी उठल्या. वर्षभरापूर्वीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर ओस घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असे कारण तेव्हा पुढे आले. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या अन्नमार्गात साचून तो बंद करतो. रक्त पोटात उतरत नाही, म्हणून भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर वेळी जिवाणू जखमेत ओकते. उंदीर मेला की ती गरम अंगाच्या शोधात निघते. त्यामुळे साथीत आधी कीटकनाशकाने पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, हा क्रम जिवाचा आहे. तो उलटला तर पिसवा माणसांवरच येतात.

सप्टेंबरमध्ये सुरतेत रोगाने वाट बदलली. तापीच्या पुराने गाळ आणि मेलेली जनावरे मागे ठेवली होती. वेड रोडच्या दाट वस्तीत फुप्फुसाचा प्लेग आढळला. तो खोकल्यातल्या तुषारांतून माणसाकडून माणसाकडे जातो. तिथे पिसवेची गरज उरत नाही. वेळेत प्रतिजैविक मिळाले नाही, तर रोगी सहसा वाचत नाही. पन्नासच्या वर माणसे दगावली. लाखोंनी शहर सोडले, त्यांत खानदेशातून पोटासाठी आलेले कामगारही होते. रोग प्लेगच होता का, यावर पुष्कळ वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीत प्लेगचाच जिवाणू आढळला. 1995 मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात सुरतेच्या कचऱ्याची आणि गटारांची व्यवस्था पालटली, हे त्या शहराचे खरे मोठे काम.

लेप्टोस्पायरोसिसची वाट पाण्याची. उंदराच्या लघवीतले जिवाणू साचलेल्या पाण्यातून पायाच्या भेगांवाटे शरीरात शिरतात. म्हणून दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात भाताच्या नि उसाच्या शेतात राबणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. मुंबईतही 26 जुलै 2005 च्या पुरानंतर हीच साथ आली.

विषाणूंचे मार्ग आणखी वेगळे. हंताविषाणू बाळगणारा उंदीर स्वतः आजारी पडत नाही. त्याची वाळलेली लघवी आणि लेंड्या धुळीत मिसळतात नि ती धूळ श्वासातून माणसात जाते. पश्चिम आफ्रिकेतला लासा ताप उंदरांनी विटाळलेल्या अन्नातून होतो, आणि रोग्याच्या रक्तातून व शरीरस्रावांतून इतरांना लागतो. सिंधुदुर्ग आणि गोव्यात पोहोचलेल्या माकडतापात गोचीड चावल्याने विषाणू माणसात येतो. जंगलातले उंदीर आणि इतर लहान प्राणी त्या विषाणूला आसरा देतात.

बंद गोदाम किंवा माळा साफ करताना कोरडा झाडू मारू नये. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत, लेंड्यांवर ब्लीचचे पाणी शिंपडून काही मिनिटे थांबावे आणि ओल्या कपड्याने पुसून घ्यावे. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा धाप लागली, तर उंदरांच्या जागी काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण सुरुवातीची लक्षणे साध्या फ्लूसारखीच असतात.