कार ॲम्प्लिफायरमधील दोष कसा शोधावा?

गाडीतील ॲम्प्लिफायर बंद पडला की पुष्कळदा दोन उपाय केले जातात. एक तर जास्त अँपिअरचा फ्यूज बसवतात किंवा ॲम्प्लिफायरच बदलतात. पहिल्या उपायाने आग लागू शकते. दुसऱ्याने खर्च होऊनही दोष तसाच राहू शकतो, कारण अनेकदा बिघाड ॲम्प्लिफायरमध्ये नसून त्याच्या वायरिंगमध्ये असतो. म्हणून आधी बाहेरचे भाग तपासावेत, मग आतले. हा क्रम आपण या पाठात पाहू.

१. तीन टर्मिनल

ॲम्प्लिफायरला तीन जोडण्या लागतात : बॅटरीचा धन ध्रुव, ग्राउंड आणि रिमोट. रिमोटची बारीक वायर स्टिरिओकडून चालू होण्याची सूचना आणते. मल्टिमीटरची काळी वायर ॲम्प्लिफायरच्याच ग्राउंड टर्मिनलवर ठेवून मोजमाप करा. इंजिन बंद असताना धन टर्मिनलवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. स्टिरिओ चालू केल्यावर रिमोटवरही सुमारे १२ व्होल्ट यावेत. रिमोटवर शून्य असेल, तर दोष स्टिरिओत किंवा त्या वायरमध्ये आहे.

२. भार असताना मोजमाप

येथे विद्यार्थी अनेकदा फसतात. समजा, ग्राउंडचा बोल्ट गंजला असून तेथे ०.१ ओहम रोध आहे. ॲम्प्लिफायर बंद असताना प्रवाह जवळजवळ नसतो, म्हणून मीटर पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवतो. आवाज वाढवल्यावर ३० अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर ओहमच्या नियमानुसार

३० × ०.१ = ३ व्होल्ट

त्या जोडातच खर्च होतात. बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच राहिला असे धरले, तरी ॲम्प्लिफायरला ९.६ व्होल्ट मिळतात आणि जोडात ९० वॅट उष्णता निर्माण होते. आवाज वाढवताच ॲम्प्लिफायर बंद होणे हे याचेच लक्षण असू शकते.

म्हणून ५० हर्ट्झचा स्थिर स्वर मोठ्याने वाजवून बॅटरीचा ऋण ध्रुव आणि ॲम्प्लिफायरचे ग्राउंड यांमधील विद्युतदाब मोजा. धन बाजूलाही तसेच करा. हा दाब शून्याच्या जितका जवळ, तितका मार्ग चांगला.

३. प्रोटेक्ट दिवा

हा दिवा लागला तर वीज बंद करून स्पीकरच्या सर्व वायर काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा विझला, तर संशय स्पीकरवर किंवा त्यांच्या वायरवर. ४ ओहमच्या चांगल्या स्पीकरचा रोध मीटरवर साधारण ३ ते ४ ओहम दिसतो. स्पीकरची वायर दरवाजाच्या पत्र्यात सोलून गाडीच्या बॉडीला टेकली आहे का, तेही पाहा. सर्व वायर काढूनही दिवा लागत असेल, तर दोष बहुधा आत आहे.

४. फ्यूज काय सांगतो?

फ्यूज ॲम्प्लिफायरपेक्षाही वायरचे रक्षण करतो. ३० अँपिअरच्या जागी ६० चा फ्यूज घातला, तर शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायर तापून पेटू शकते. त्यामुळे मुख्य फ्यूज बॅटरीजवळच असावा. स्पीकर काढलेले असतानाही योग्य क्षमतेचा फ्यूज लगेच उडत असेल, तर आतील पॉवर सप्लायचे मॉस्फेट शॉर्ट झाले असण्याची शक्यता मोठी असते.

५. पेटी उघडल्यावर

वीज तोडून कपॅसिटर रिकामे होऊ द्या. मग प्रत्येक मॉस्फेटचा ड्रेन व सोर्स यांमधील रोध मोजा. दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य आला, तर तो सुटा करून पुन्हा तपासा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना धन वायरमध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब एकसरीत जोडा. शॉर्ट शिल्लक असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने जळत राहील, पण प्रवाह २ अँपिअरच्या आसपासच थांबेल आणि नवे मॉस्फेट वाचण्याची शक्यता वाढेल.

सराव : २० अँपिअर प्रवाह असताना ग्राउंडच्या मार्गावर १ व्होल्ट दिसतो. त्या मार्गाचा रोध आणि निर्माण होणारी उष्णता काढा. (उत्तर : ०.०५ ओहम, २० वॅट)