तुम्ही तेव्हा कुठे उभे होता?

एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, हे त्यावरून कळते. आपल्या देशात अशा कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, असा नियम आहे. असे आकडे ठरवायला माणसांविषयीची सर्वांत मोठी माहिती मिळाली ती हिरोशिमा आणि नागासाकीतून. आणि ती गोळा करायला पैसा दिला तो बॉम्ब टाकणाऱ्या देशाच्याच सरकारने.

नोव्हेंबर 1946 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी या अभ्यासाला मंजुरी दिली. त्यासाठी ॲटॉमिक बॉम्ब कॅज्युअल्टी कमिशन स्थापन झाले. खर्च अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा होता, आणि 1948 पासून जपानची आरोग्य संस्थाही सोबत आली. हिरोशिमात हिजियामा नावाच्या टेकडीवर कमिशनच्या इमारती उभ्या राहिल्या. अर्धा पिंप आडवा ठेवावा तशा त्या दिसत.

सर्वांत आधी भीती होती ती पुढच्या पिढीची. युद्धानंतर जपानमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग होते आणि पाचव्या महिन्यापासून गरोदर स्त्रियांना जादा रेशन मिळे. त्यासाठी त्या नाव नोंदवत. जेम्स नील आणि विल्यम शुल या शास्त्रज्ञांनी याच नोंदणीचा उपयोग करून घेतला. 1948 ते 1954 या काळात 70 हजारांहून जास्त जन्मांची नोंद झाली. बॉम्बनंतर गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये जन्मजात दोष वाढल्याचे स्पष्टपणे दिसले नाही. पण बॉम्ब पडला तेव्हा जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्यातील काहींची डोकी लहान राहिली आणि बुद्धीची वाढ खुंटली. गर्भाचे 8 ते 15 आठवडे सर्वांत नाजूक असतात, हे त्यातून पुढे कळले.

मला सर्वांत आवडलेला भाग मात्र मोजणीचा आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठ वाजता कोणाच्या छातीवर बिल्ला नव्हता. मग कोणाला किती मात्रा मिळाली हे कसे काढायचे? बॉम्ब हिरोशिमावर जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला. अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते, आणि वाटेतली हवाही किरणे शोषते, म्हणून प्रत्यक्षात ती त्याहून वेगाने घटते. म्हणजे शंभर मीटरची चूकसुद्धा महागात पडते. शिवाय एकाच अंतरावरच्या दोघांपैकी एक जण काँक्रीटच्या भिंतीमागे असेल आणि दुसरा उघड्यावर, तर दोघांचा हिशेब वेगळा.

म्हणून कमिशनचे लोक वाचलेल्यांना भेटून विचारत: तुम्ही तेव्हा कुठे होता? उभे होता की बसलेले? तोंड कोणत्या दिशेला होते? घराची भिंत कशाची होती? मग नकाशावर खूण आणि घराचा आराखडा. नकाशावाचनाच्या तासाला कंपास आणि ग्रिड रेफरन्स शिकलेल्या कोणत्याही कॅडेटला हे काम लगेच समजेल. फरक एवढाच, की इथे समोरच्याला आयुष्यातला सर्वांत वाईट क्षण इंच-इंच आठवावा लागत होता.

लाकडी जपानी घर किती किरणे अडवते, हे तपासायला 1962 मध्ये नेवाडाच्या वाळवंटात जपानी पद्धतीची घरे बांधली गेली. जवळच 465 मीटर उंच मनोरा उभारून त्यावर आवरण नसलेली छोटी अणुभट्टी चढवली. या मोजमापांतून माणसागणिक मात्रा काढता आली.

त्याआधीच हिरोशिमातील डॉक्टर ताकुसो यामावाकी यांच्या लक्षात आले होते, की शहरात रक्ताचा कर्करोग वाढतो आहे. तो स्फोटानंतर सहा ते आठ वर्षांनी शिगेला पोहोचला. कागदी करकोच्यांमुळे आपल्याला माहीत असलेली सादाको दोन वर्षांची असताना स्फोट झाला, आणि 1955 मध्ये याच आजाराने ती गेली. इतर कर्करोग उशिरा, पण दीर्घकाळ वाढत राहिले. 1958 ते 1998 मध्ये मात्रा मिळालेल्या सुमारे 44,600 जणांत असे 7,851 कर्करोग आढळले आणि त्यांतील साधारण 850 किरणोत्सर्गामुळे झाले, असा अंदाज आहे. मला हा आकडा याहून बराच मोठा असेल असे वाटत होते. अर्थात बॉम्बची मात्रा एका क्षणात मिळाली, तंत्रज्ञाला ती वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने मिळते. त्यामुळे कमी मात्रेच्या धोक्याबद्दल शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत.

कमिशन तपासत असे, पण उपचार करत नसे. आमच्याकडे मेडिकल तपासणीत काही निघाले, तर निदान औषधाची चिठ्ठी तरी हातात पडते. तिथे लोक रक्त देऊन, क्ष-किरण चित्र काढून घरी परतत. उपचार हे स्थानिक डॉक्टरांचे काम, अशी भूमिका होती. उपचार केले तर ती चुकीची कबुली ठरेल, हेही कारण त्यामागे होते, असे काही इतिहासकार म्हणतात. आम्हाला प्रयोगातल्या उंदरांसारखे वागवले, ही तक्रार लोक वर्षानुवर्षे करत राहिले. मला ती रास्त वाटते. शास्त्र अचूक होते, पण म्हणून तपासणीनंतर औषध देता आले नसते असे नाही.

तरीही हजारो जण दर दोन वर्षांनी तपासणीला येत राहिले. 1975 मध्ये कमिशनच्या जागी दोन्ही देशांच्या पैशांवर चालणारी नवी संस्था आली. सुमारे 1 लाख 20 हजार लोकांची ती यादी अजून बंद झालेली नाही. तेव्हा जी लहान मुले होती, त्यांच्यापैकी काही जण आज ऐंशीच्या पुढे आहेत.