मन दुखणे वेगळे, मनाचे दुखणे वेगळे

'नैराश्य' हा शब्द आजकाल फार स्वस्त झाला आहे. निवडणुकीचे तिकीट कापले गेले की कार्यकर्त्यांत नैराश्य, पाऊस लांबला की शेतकऱ्यांत नैराश्य, क्रिकेटचा सामना हरला की प्रेक्षकांत नैराश्य! डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात, त्या आजारालाही मराठीत हाच शब्द आहे. परिणाम असा होतो की, ज्याला खरोखर आजार झाला आहे त्याने धीर करून तोंड उघडले तरी ऐकणारा म्हणतो, "टेन्शन कुणाला नाही? आम्ही काय कमी भोगले?" विषय तिथेच संपतो. आजार मात्र संपत नाही. म्हणून आधी फरक समजून घेतला पाहिजे.

घरातले माणूस गेले, नोकरी सुटली, लग्न मोडले, तर दु:ख होणारच. ते झाले नाही तरच नवल. पण दु:खाला भरती-ओहोटी असते. पुण्यानुमोदनाला जमलेल्या नातेवाइकांत गेलेल्या माणसाची एखादी गमतीची आठवण निघाली की रडता रडता हसूही येते. नातवाने गळ्यात हात टाकला की घटकाभर बरे वाटते. दिवस जातात तशी धार कमी होते. आणि मुख्य म्हणजे, दु:खी माणूस स्वत:ला कवडीमोल समजत नाही.

आजाराचे तसे नसते. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे मन उदास राहते. किंवा पूर्वी ज्यात आनंद वाटे त्या कशातच रस उरत नाही. ही दोन मुख्य लक्षणे. यांच्या जोडीला झोप उडणे किंवा सारखी झोप येणे, भूक व वजन कमी-जास्त होणे, अंगात त्राण नसणे, हालचाली मंदावणे किंवा जिवाची सारखी तगमग होणे, लक्ष न लागणे, आपण नालायक आहोत, घरावर ओझे आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार येणे. या नऊपैकी किमान पाच लक्षणे असतील, त्यांत मुख्य दोहोंपैकी एक तरी असेल आणि रोजचे कामकाज अडत असेल, तर तो डिप्रेशनचा आजार असल्याची दाट शक्यता असते. कधी त्यामागे कारण सापडते, कधी काहीच सापडत नाही. थायरॉईडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात. म्हणूनच निदान शेजाऱ्याने नव्हे, तपासणी करून डॉक्टरांनी करायचे असते.

आपल्या वस्त्यांत हा आजार बहुतेक वेळा 'मन उदास आहे' असे सांगत येतच नाही. तो अंग दुखते, डोके भणभणते, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात अशा तक्रारी घेऊन येतो. बाई दवाखान्यात जाते, सलाईन लावून घेते, ताकदीचे इंजेक्शन घेते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच बाकावर बसलेली असते. पुरुषात तो चिडचिड आणि दारूच्या रूपाने दिसतो. दारूने दु:ख बुडत नाही, उलट आजार वाढतो. मग कुणीतरी 'करणी केली आहे' म्हणतो. देवऋषी, भगत, अंगारा, कोंबडा यांवर पैसे जातात आणि उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला असतो. त्याहून धक्कादायक म्हणजे अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना उपचारच मिळत नव्हते.

इथे जागरूक वाचकाच्या मनात एक प्रश्न येईल. आमच्या माणसाला वर्गात, वसतिगृहात, कचेरीत जातीवरून टोचून बोलले जाते; कर्ज आहे, बेकारी आहे. मग त्याच्या दु:खाला आजार म्हणणे म्हणजे व्यवस्थेला मोकळे सोडणे नव्हे काय? २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर जो प्रश्न देशासमोर उभा राहिला, त्याचे उत्तर औषधाची गोळी नाही हे खरेच आहे. अपमानाचा संताप हा आजार नव्हे. तो शाबूत मनाची खूण आहे. परंतु गढूळ पाण्याने वस्तीत कावीळ पसरली तर आपण काय करतो? नगरपालिकेवर मोर्चा नेतो आणि त्याच दिवशी रोग्याला दवाखान्यातही नेतो. मोर्चा जिंकेपर्यंत रोग्याला ताटकळत ठेवत नाही. गरिबी, अवहेलना आणि हिंसा यांनी हा आजार होण्याचा धोका वाढतो, हे विज्ञानही मानते. म्हणजे कारणाशी लढायचे आणि आजारावर उपचारही करायचे. आजारी माणूस लढ्यातून आपोआप बाहेर फेकला जातो. बरा झालेला माणूस परत उभा राहतो.

आणि हा आजार बरा होतो! औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून अनेक जण गोळ्या सोडतात, तर बरे वाटले म्हणून काही जण. दोन्ही चूक. बरे वाटू लागल्यावरही सहा-नऊ महिने, डॉक्टर सांगतील तोपर्यंत औषध चालू ठेवावे लागते. डिप्रेशनच्या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. त्या अचानक मात्र सोडू नयेत.

सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानेही गुण येतो. त्यासाठी मोठी पदवीच लागते असे नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलून उपचार केले. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना हाताशी धरून असेच काम झाले, तेव्हा उपचारापर्यंत पोहोचणारे रुग्ण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. जे खेड्यांत जमले ते आपल्या विहारात, महिला मंडळात, वसतिगृहात का जमू नये?

कायदाही आज रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणे हा हक्क केला. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते मोफत मिळाले पाहिजेत. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा गृहीत धरतो व त्याला शिक्षेपासून संरक्षण देतो. तेव्हा पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नये. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात जावे. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, त्यावर मराठीतही बोलता येते.

घरातला कुणी 'जगून काय उपयोग' असे म्हणत असेल तर त्याला नाटक समजू नका. 'मरणाचे विचार येतात का?' असे सरळ, प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनातले बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका, सोबत दवाखान्यात जा. 'मन घट्ट कर' हा सल्ला मोडलेल्या पायाला 'धावून दाखव' म्हणण्यासारखा आहे. मोडलेल्या पायाला आपण खांदा देतो. मनालाही तोच द्यायचा आहे.