विष सापडलं नाही तेव्हा

सकाळी 6
नेरुळला इमारतीत पाण्याची मोटर सुरू होण्याआधीचा हा तास मी लिहिण्यासाठी राखून ठेवलेला आहे. फॉरेन्सिक विज्ञानाच्या एका ऑनलाइन नियतकालिकात मी दरमहा लिहिते. वाचणारे बहुतेक विद्यार्थी, नवे वकील आणि तपास करणारे पोलीस अधिकारी. या वेळचा विषय लक्ष्मीबाई कर्वे. लेख आज रात्रीपर्यंत द्यायचा आहे.

निकालपत्र पुन्हा पहिल्यापासून वाचते. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री लक्ष्मीबाई या सधन विधवेला डॉ. अनंत चिंतामण लागू मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून पुण्याहून रेल्वेने घेऊन निघाले. गाडी मुंबईला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्यांची नोंद भलत्याच नावाने झाली आणि 13 तारखेला त्या गेल्या. घरच्यांना कळवलं गेलं नाही. शवविच्छेदन झालं ते दहा दिवसांनी, आणि रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अंतर्गत अवयवांत, विष मिळालं नाही. पुढे बाईंच्या नावाने पत्रं येऊ लागली : जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न करून आपण राठोडीला राहतो आहोत! दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरांच्या हाती जात होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्ये डॉक्टरांची फाशी कायम केली.

न्या. हिदायतुल्ला यांचा बहुमताचा निकाल सगळे वाचतात. न्या. सरकार यांचं विरोधी मत मात्र विद्यार्थी हमखास वगळतात. बाई विषानेच गेल्या हे सिद्ध झालेलं नाही, ही त्यांची अडचण मला आजही खरी वाटते. लेखात तिला पूर्ण परिच्छेद देणार.

सकाळी 10
कॉलेजात आज प्रात्यक्षिक : व्हिसेरा राखायचा कसा. जठर आणि आतड्याचा तुकडा एका बरणीत, यकृत आणि मूत्रपिंडाचे भाग दुसरीत, वर संपृक्त मीठपाणी. त्याच मीठपाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत सोबत पाठवायचा, म्हणजे बाहेरून काही मिसळलं नाही हे प्रयोगशाळेला तपासता येतं. रक्तात सोडियम फ्लोराइड, कारण ते नसेल तर जिवाणू बाटलीतच मद्यार्क तयार करतात किंवा संपवतात. मग झाकण, लेबल, लाखेचं सील. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. खटले इथेच कोसळतात, म्हणून मी एकेक बरणी हातात घेऊन बघते.

"मॅडम, लक्ष्मीबाईंची केस आज झाली असती तर विष सापडलं असतं का?" मागच्या बाकावरून प्रश्न येतो.

तास संपेपर्यंत मग तेवढंच बोलणं. आजची यंत्रं अतिशय सूक्ष्म मात्रा पकडतात, पण द्रव्य शरीरात टिकलेलं हवं, योग्य अवयव जपलेला हवा आणि काय शोधायचं याचा थोडा तरी अंदाज हवा. मी त्यांना ब्रॅडफर्डची केस सांगते. मे 1957, म्हणजे पुण्याच्या घटनेनंतर सहाच महिन्यांनी, केनेथ बार्लो या परिचारकाने बायकोला इन्सुलिन टोचून मारलं. तिच्या नितंबावर सुईच्या खुणा दिसल्या. तिथली ऊती कापून काढली, अर्क उंदरांना टोचला, आणि इन्सुलिन सिद्ध झालं. व्हिसेऱ्याच्या नेहमीच्या बरण्यांत ते कधीच मिळालं नसतं. कुणीतरी त्वचा नीट पाहिली म्हणून मिळालं.

दुपारी 2
डबा उरकून लिहायला बसते. लेखाचा कणा ठरला आहे : दोन खटले, दोन्ही पुण्याचे. दुसरा शरद बिरधीचंद सारडा, सर्वोच्च न्यायालय, 1984. तिथे मृतदेहात पोटॅशियम सायनाइड मिळालं होतं, खालच्या दोन्ही न्यायालयांनी फाशी दिली होती, तरी आरोपी सुटला. आत्महत्येची शक्यता पुराव्याने मिटली नव्हती. एका खटल्यात विष मिळालं नाही आणि फाशी झाली, दुसऱ्यात मिळालं आणि सुटका झाली. "सीए रिपोर्ट आला की केस झाली" असं म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही. रासायनिक विश्लेषकाचा हा अहवाल एकाच गोष्टीचं उत्तर देतो : पाठवलेल्या नमुन्यात, वापरलेल्या पद्धतीने काय मिळालं. ते कुणी दिलं, का दिलं, संधी होती का, हे तपासातूनच यायचं.

संध्याकाळी 5
वाशीला राहणाऱ्या, विश्लेषक म्हणून निवृत्त झालेल्या काकांना मसुदा फोनवर वाचून दाखवते. ते एक भर घालायला सांगतात : व्हिसेऱ्याबरोबर रुग्णालयाचे कागद, लक्षणं, घरात सापडलेल्या गोळ्यांची नावं पाठवा. नुसती बरणी आली तर तपासणारा अंधारात चाचपडतो. भर लगेच घालते.

संध्याकाळी 7
कायद्याचा भाग. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. कलम 176(3) नुसार सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तरतूद मला मनापासून हवी होती. पण लक्ष्मीबाईंचं घटनास्थळ कुठलं? रेल्वेचा डबा, रुग्णालयाची खाट, दाखल करतानाचा कागद. नमुने गोळा करणारे हात तिथेही पोचायला हवेत.

रात्री 9
लेख पाठवला. संपादकांचा फोन : "मॅडम, शीर्षक 'अदृश्य विष' ठेवू या?" मी नाही म्हणते. कुठलं विष होतं हे न्यायालयातही ठरलं नाही. आपण ते गूढ करून विकायचं नाही. "व्हिसेरा, तपास आणि दोन निकाल" यावर ते तयार होतात. न्या. सरकारांचा परिच्छेद लांबीसाठी कापायचा नाही, हेही कबूल करून घेते.