महानौका, लघुयान आणि आकाराचा न्याय
(लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण अंतराळयुद्धातील अंतर आणि वेग यांचा विचार केला; आज त्याहून अवघड असा आकाराचा प्रश्न हाती घ्यावयाचा आहे. मेजाभोवती बसून, फासे टाकीत जो रोलप्लेइंगचा खेळ खेळला जातो, त्यात खेळाडूंच्या हाती बहुधा एखादे लहानसे यान असते, आणि कथानक रंगात आले की समोर एखादी प्रचंड युद्धनौका उभी ठाकते. अशा वेळी त्या दोघांची गाठ कोणत्या हिशेबाने घालावी, याचे उत्तर छापील नियमपुस्तक देते खरे. पण ते उत्तर प्रत्येक मंडळीला मानवतेच असे नाही, आणि मग खेळाचा सूत्रधार, ज्याला खेळाडू गेममास्टर म्हणतात, तो आपल्या मेजापुरती काही कलमे तयार करतो. हेच घरचे नियम. ही कलमे कशी रचावीत, आणि रचताना कोणता दोष कटाक्षाने टाळावा, याची चर्चा आज करू.

प्रथम भूमितीचे मूळ लक्षात घेतले पाहिजे. १६३८ साली लायडन येथे छापून निघालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात गॅलिलिओने जो सिद्धांत मांडला, त्याचे सार असे की एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली असता तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण घनफळ आठपट होते. नौकेच्या बाबतीत शत्रूच्या नेमाला सापडणारे अंग आणि तोफा बसविण्याची जागा ही पृष्ठभागावर अवलंबून असतात, तर यंत्रे, इंधन, दारूगोळा आणि माणसे यांची सोय घनफळावर. म्हणून मोठी नौका नेमाला सोपी होते, पण त्याच वेळी ती जाड चिलखत वागवू शकते, कारण तिच्या एकंदर भाराच्या मानाने त्या चिलखताचा भार कमी पडतो. ‘स्टार वॉर्स’मधील एक्स-विंग हे लढाऊ यान साडेबारा मीटर लांब आहे आणि स्टार डिस्ट्रॉयर ही महानौका १,६०० मीटर. म्हणजे लांबी १२८ पट. आणि दोहोंची आकृती सारखीच आहे असे घटकाभर मानले, तर पृष्ठभाग १६,३८४ पट आणि घनफळ सुमारे २१ लक्ष पट! हे प्रमाण जसेच्या तसे फाशांत उतरविणे कोणाही मनुष्याला शक्य नाही. सबब, प्रत्येक नियमकर्त्याला ही तफावत आकुंचित करावी लागते, आणि ती कोठे व किती आकुंचित करावयाची, यावरून त्या त्या खेळाचा स्वभाव ठरतो.

हे आकुंचन साधण्याच्या तीन प्रमुख रीती आहेत. पहिली गणतीची. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ अमेरिकेत गेम डिझायनर्स वर्कशॉपने १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यात नौकेचा आकार टनांत मोजतात. मात्र हा टन वजनाचा नसून घनफळाचा असतो, म्हणजे एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापील तेवढी, सुमारे १४ घनमीटर. टेहळणीची नौका १०० टनांची, सामान्य व्यापाऱ्याची २०० टनांची, आणि दर १०० टनांमागे शस्त्र बसविण्याची एक जागा. येथे मोठेपणाला निराळा अंक नाही. दहा हजार टनांच्या नौकेवर शस्त्रांच्या शंभर जागा असतात, यातच तिचा मोठेपणा आला. दुसरी रीत वाढ-घटीची व मनाईची. २०१७ सालच्या ‘स्टारफाइंडर’मध्ये आकाराचे सात वर्ग असून सर्वांत लहान यानाच्या बचावाच्या अंकात २ मिळवितात व सर्वांत अजस्र नौकेच्या अंकातून ८ वजा करतात, शिवाय महानौकांच्या अवजड शस्त्रांना सर्वांत लहान अशा दोन वर्गांवर मारा करण्याची मुभाच नाही. तिसरी रीत पायऱ्यांची, आणि घरचे नियम करणाऱ्यांना सर्वांत अधिक कामाला लावणारी हीच असल्यामुळे तिच्यापाशी जरा थांबावे लागेल.

वेस्ट एंड गेम्स या अमेरिकन कंपनीने १९८७ साली ‘स्टार वॉर्स’चा खेळ काढला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे सुधारून वाढविलेले पुस्तक १९९६ साली आले, आणि त्यात आकाराच्या सहा पायऱ्या दिल्या आहेत: व्यक्ती ०, स्पीडर २, वॉकर ४, लढाऊ यान ६, महानौका १२ आणि डेथ स्टार २४. हे अंक फाशांचे आहेत. दोन पायऱ्यांमधील फरक काढावयाचा. लहानाने मोठ्यावर मारा केला, तर तेवढे फासे लहानाला नेम साधताना आणि मोठ्याला आघात सोसताना अधिक मिळतात. मोठ्याने लहानावर मारा केला, तर लहानाला चुकविताना आणि मोठ्याला आघात करताना. लहानाला चापल्य व मोठ्याला बळ देणारी ही वाटणी कागदावर अत्यंत न्याय्य दिसते.

आता तिचा प्रत्यक्ष अंमल पाहा. एक्स-विंग आणि स्टार डिस्ट्रॉयर यांच्यातील फरक सहा फाशांचा. सहा बाजूंच्या एका फाशाची सरासरी साडेतीन, हे ध्यानात ठेवून हिशेब मांडू. आणि तो सुटसुटीत राहावा म्हणून ढाली व या खेळातील एक विशेष फासा तूर्त बाजूला ठेवू. वैमानिकाचे कौशल्य पाच फाशांचे मानले, तर यानाच्या चापल्याचे तीन आणि आकाराचे सहा मिळून चुकविण्यासाठी त्याच्या हाती चौदा फासे येतात, सरासरी ४९. महानौकेवरील गोलंदाजाचे कौशल्यही पाचच फाशांचे धरले, तर नेमयंत्राचे चार मिळून नऊ होतात, सरासरी साडेएकतीस. म्हणजे त्याचा नेम साधारण पन्नासांत एकदाच लागावयाचा. पण लागला, तर टर्बोलेझरचे पाच व आकाराचे सहा अशा अकरा फाशांपुढे यानाचे चार फाशांचे कवच टिकत नाही: साडेअडतीस विरुद्ध चौदा. फरक सोळा झाला तरी यान नष्ट होते, येथे तर तो चोविसावर जातो. उलट बाजूस एक्स-विंगच्या लेझरचे सहा फासे महानौकेच्या तेरा फाशांपुढे (कवचाचे सात, आकाराचे सहा) हजारांत एकदाही धड चालत नाहीत, आणि नऊ फाशांचा प्रोटॉन टॉर्पेडोदेखील जेमतेम विसांत एकदा काही करून दाखवितो.

निष्पन्न काय झाले? मोठ्याचा नेम लागत नाही आणि लहानाचा लागून उपयोग होत नाही. दोन्ही पक्ष फेरीमागून फेरी फासे फेकीत राहतात आणि युद्ध जागच्या जागी गोठते. ज्या चित्रपटांवरून हा खेळ घडविला, त्यांत तर असे होत नाही. १९७७ च्या चित्रपटात डेथ स्टारचा नाश दोन मीटर रुंदीच्या एका झरोक्यातून होतो. १९८३ च्या चित्रपटात एक्झिक्युटर या अजस्र नौकेच्या सुकाणुकक्षावरील ढाल पडल्यानंतर एक लहानसे यान त्या कक्षावर आदळते आणि ती नौका कोसळते. लहान यान मोठ्या नौकेच्या सबंध देहाशी कधी झुंजत नाही. ते तिच्या एखाद्या मर्मस्थानाशी झुंजते, आणि त्यासाठी त्याला जीव धोक्यात घालून जवळ जावे लागते. घरच्या नियमांना आधार घ्यावयाचा तो याच गोष्टीचा.

म्हणून मी पुढील तीन कलमे सुचवितो. पहिले कलम असे: वैमानिकाने फेरीच्या आरंभी आपण जवळ जात आहोत असे जाहीर करावे आणि ढालींचे जनित्र, एंजिन, तोफांची एखादी रांग किंवा सुकाणुकक्ष यांपैकी एका अवयवाचे नाव घ्यावे, त्या एका फेरीपुरता आकाराचा फरक सहाऐवजी तीन फाशांचा धरावा, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू करावा. दुसरे कलम: स्टार डिस्ट्रॉयरवर टर्बोलेझरच्या साठ तोफा असतात, पुढे वीस आणि दोन्ही बाजूंस वीस-वीस, एका बाजूच्या वीस तोफांचा लहान यानावरील मारा एकाच फेकीत आटोपावा, आणि नेमासाठी त्या रांगेला दोन फासे अधिक द्यावेत, आघातासाठी मात्र एकही नाही. तिसरे कलम: आघात यशस्वी झाला, तर तो अवयव निकामी व्हावा, सबंध नौका नव्हे.

हिशेब पुन्हा मांडून पाहा. टॉर्पेडोच्या नऊ फाशांपुढे आता तेराऐवजी दहा उभे आहेत, तेव्हा यशाची आशा विसांत एकावरून साधारण तिनांत एकावर येते. त्याच फेरीत वैमानिकाचे चुकविण्याचे फासे चौदावरून अकरावर उतरतात, आणि समोर गोलंदाजाचे नऊ व रांगेचे दोन असे अकराच उभे राहतात. सामना सरळ समसमान होतो. नेम लागलाच, तर आघाताचे फासे आठ, सरासरी २८. यानाच्या कवचाचे चौदा वजा जाता उरतात चौदा, आणि छापील कोष्टकाप्रमाणे तेरा ते पंधरा म्हणजे यान जबर जायबंदी, पण नष्ट नव्हे. खेळाडूला साहसाचा मोबदला मिळाला, साहसाची किंमतही त्याने मोजली, आणि कथेला पुढे जाण्याची वाट मोकळी राहिली. आपल्याच पत्र्याला लागून मारा करणारी तोफ पूर्ण शक्तीने डागता येत नाही, असे कारण सूत्रधाराने सांगितले म्हणजे कथेच्या दृष्टीनेही पहिले कलम पटते.

आता दोषाची गोष्ट. घरचे नियम बिघडतात ते बहुतेक एकाच कारणाने: आकाराचा मोबदला दोनदा दिला जातो. ‘ट्रॅव्हलर’मध्ये दहा हजार टनांच्या नौकेला शस्त्रांच्या शंभर जागा मिळालेल्याच असतात, त्यावर एखाद्या उत्साही सूत्रधाराने दुसऱ्या खेळातील पायऱ्या उचलून आणल्या आणि प्रत्येक शस्त्राचा आघातही आकाराच्या मानाने वाढविला, तर तो एकाच शेताचा सारा दोनदा वसूल करण्यासारखा अन्याय होतो, आणि लहान नौकेतील खेळाडूंना पळ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. याच न्यायाने वर दुसऱ्या कलमात तोफांच्या रांगेला नेमाचे फासे दिले, पण आघाताचे दिले नाहीत; मोठेपणामुळे येणारे बळ पायऱ्यांनी आधीच जमेस धरलेले आहे. म्हणून कोणतेही नवे कलम लिहिण्यापूर्वी चार प्रश्न निरनिराळे विचारावेत: नेम कोणाला सोपा? आघात कोणाचा भारी? वळणे कोणाला सुलभ? एका फेरीत कृती कोणाच्या अधिक? या चारांपैकी ज्यांचे उत्तर छापील पुस्तकाने दिले आहे, त्यांना हात लावू नये. ज्याचे दिले नाही, तेवढ्यासाठीच कलम लिहावे. आपल्याजवळच्या आवृत्तीत मोठ्या नौकेवर नेम धरणे सोपे केलेले नसेल, तर तेवढी वाढ खुशाल करावी. तो हक्काचा बदल होय.

नियमांइतकीच त्यांच्या अंमलाची पद्धतही महत्त्वाची आहे. युद्ध ऐन भरात आले असताना सूत्रधाराने नवा नियम काढला, तर तो कितीही शहाणपणाचा असला तरी खेळाडूंना पक्षपाताचा वास येतो. तोच नियम आधी लिहून, वाचून दाखवून, सर्वांच्या संमतीने ठरविला, तर त्याच नियमाने आपले यान गमावूनही खेळाडू कुरकुर करीत नाहीत. फाशांची सरासरी काढून दोन्ही बाजूंचा एक एक हल्ला कागदावर मांडून पाहण्यास अर्धा तास पुरतो, आणि तेवढ्यात नियमाचे बहुतेक गुणदोष उघडे पडतात.

वाचकांना माझी विनंती एवढीच, की वरील तीन कलमे जशीच्या तशी उचलू नयेत. आपल्या खेळाचे पुस्तक उघडावे, चार प्रश्नांची उत्तरे त्यात शोधावीत, रिकाम्या राहिलेल्या जागीच आपले कलम लिहावे, आणि पहिल्या युद्धापूर्वी ते सर्वांना वाचून दाखवावे. पुढील लेखांकात जायबंदी नौकेची दुरुस्ती आणि तीत खलाशांचा वाटा, हा विषय घेऊ.